धुक्यातला सांधा : चिनी पर्वतचित्रे आणि छायाचित्रकला

छायाचित्र खरे बोलते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. कोर्टकचेरीत ते पुरावा म्हणून पुढे येते, लग्नाच्या बोलण्यांत पत्रिकेबरोबर धाडले जाते, आणि घरातील वडील माणूस निवर्तले की त्यांची म्हणून भिंतीवर तीच तसबीर लागते. चित्रकाराच्या चित्राविषयी आपण ‘अगदी हुबेहूब’ असे कौतुकाने म्हणतो. छायाचित्राविषयी तसे म्हणण्याची गरजच भासत नाही, कारण ते हुबेहूब असणारच हे आपण गृहीत धरलेले असते. ह्या समजुतीला विसाव्या शतकात एका चिनी गृहस्थांनी मोठ्या शांतपणे धक्का दिला. त्यांनी जन्मभर डोंगरांची छायाचित्रे केली. परंतु त्यांतील पुष्कळसे डोंगर पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाहीत. आणि तरीही चिनी रसिक त्यांत आपलेच डोंगर ओळखत आले. ह्या कोड्याचा उलगडा करणे, आणि त्यातून आपल्या सह्याद्रीकडे पाहण्यासाठी काही हाती लागते काय ते तपासणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या गृहस्थांचे नाव लांग जिंगशान. जन्म १८९२ सालचा, च्यांगसू प्रांतातील; मृत्यू १९९५ साली, तैवानातील तैपेई शहरी. म्हणजे चिनी सम्राटांची राजवट, प्रजासत्ताकाची स्थापना, जपानी आक्रमण, यादवी युद्ध आणि देशाची फाळणी, एवढे सारे त्यांनी एका आयुष्यात पाहिले. शांघायच्या शाळेत असताना, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, चित्रकला शिकविणाऱ्या गुरुजींकडून त्यांना कॅमेऱ्याची ओळख झाली. पुढे ते वृत्तपत्रसृष्टीत शिरले व चीनच्या पहिल्या वृत्तछायाचित्रकारांत गणले जाऊ लागले. १९२८ साली शांघायमध्ये छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. बातमीसाठी जे घडले ते जसेच्या तसे टिपणे हा ज्यांचा धंदा, त्यांनीच पुढे ‘जे नाही’ त्याची छायाचित्रे करावी, हा योग विचार करण्याजोगा आहे. लांग ह्यांना छायाचित्राचा खरेपणा ठाऊक नव्हता असे कोणास म्हणता येणार नाही. तो ठाऊक असूनच त्यांनी दुसरी वाट धरली.

ती वाट समजण्यास चिनी पर्वतचित्रांचा थोडा मागोवा घ्यावा लागेल. चिनी भाषेत निसर्गचित्रास जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘डोंगर-पाणी’ असा होतो. ह्या चित्राचे साहित्य अगदी तुटपुंजे. काजळीची वडी, ती उगाळण्यास दगड, कुंचला, आणि रेशीम किंवा कागद. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात तशी ही वडी पाण्यात उगाळावयाची आणि दाट, मध्यम, फिकी अशा छटा करावयाच्या. काळ्या रंगातच सर्व रंग सामावलेले असतात, अशी ह्या चित्रकारांची धारणा. पाचव्या शतकातील त्सोंग बिंग (३७५–४४३) ह्या चित्रकाराविषयी असे सांगतात की, म्हातारपणी हिंडणे होईनासे झाले तेव्हा त्याने आयुष्यभर पाहिलेले डोंगर आपल्या खोलीच्या भिंतींवर रंगविले, आणि पडल्या पडल्या त्यांत तो प्रवास करू लागला. डोंगराच्या चित्राचे प्रयोजन काय, ह्या प्रश्नाचे चिनी उत्तर ह्या एका गोष्टीत आले. चित्र हे डोंगराची खूण पटविण्यासाठी नाही. जेथे जाता येत नाही तेथे जाण्यासाठी आहे.

अकराव्या शतकात, सुंग राजवटीत, ग्वो शी नावाचा दरबारी चित्रकार होऊन गेला. त्याचे १०७२ साली काढलेले ‘वसंताची चाहूल’ अशा अर्थाचे चित्र आजही तैपेईच्या राजवाडा-संग्रहालयात आहे. त्याचे विचार त्याच्या मुलाने ग्रंथरूपाने संकलित केले. त्यात डोंगर पाहण्याची तीन ‘दूरत्वे’ सांगितली आहेत. पायथ्याशी उभे राहून शिखराकडे मान वर करून पाहणे हे उंच दूरत्व. अलीकडच्या डोंगरावरून त्याच्या पाठीमागच्या दऱ्याखोऱ्यांत डोकावणे हे खोल दूरत्व. आणि जवळच्या टेकडीपासून क्षितिजावरच्या डोंगरांपर्यंत नजर सपाट नेणे हे समतल दूरत्व. मौज अशी की चिनी चित्रात ही तिन्ही एकत्र नांदू शकतात. पाहणारा खाली उभा आहे, मध्यावर आहे आणि वरही आहे. कारण तो एका जागी उभा नाही, चालतो आहे. डोंगर पावलोपावली पालटतो, तेव्हा एका पावलावरून दिसलेला डोंगर म्हणजे अख्खा डोंगर नव्हे, अशी ह्यामागची विचारसरणी.

आता कॅमेऱ्याकडे वळू. भिंगाचा स्वभाव नेमका ह्याच्या उलट. ते एका बिंदूवर उभे असते, एका क्षणी उघडते आणि तेवढ्यापुरतेच पाहते. जवळचे मोठे, दूरचे लहान, सर्व रेषा एका ठिकाणी धावत जाणार. ही रचना युरोपातील प्रबोधनकाळच्या चित्रकारांनी बांधलेल्या यथार्थदर्शनाच्या नियमांशी जुळणारी आहे. तेव्हा चिनी छायाचित्रकारापुढे मोठा पेच उभा राहिला. यंत्र घ्यावे तर त्याबरोबर परक्याची नजरही घ्यावी लागते. आणि आपली नजर राखावी तर यंत्र खाली ठेवावे लागते. ज्या ज्या देशांत पश्चिमेकडून आलेली साधने रुजली त्या सर्व देशांतील सुशिक्षितांस हा पेच परिचित आहे. आपल्याकडे कादंबरी, नाट्यगृह आणि छापखाना आला तेव्हा तोच प्रश्न निराळ्या वेशात आपल्या दाराशी उभा होता.

लांग ह्यांनी ह्या पेचातून काढलेली वाट साधी होती. एका जागेवरून डोंगर पुरा दिसत नसेल तर अनेक जागांवरून घेतलेल्या काचा एकत्र कराव्या. आन्ह्वेई प्रांतातील ह्वांगशान पर्वताचे शिखर एका काचेवर, कोठल्याशा गावाजवळचे झाड दुसऱ्या काचेवर, नदीतील नाव तिसऱ्या काचेवर. अंधाऱ्या खोलीत मोठे चित्र करण्याच्या यंत्राखाली कागद ठेवावयाचा. पहिल्या काचेतून प्रकाश सोडताना कागदाचा बाकीचा भाग झाकावयाचा. मग दुसरी काच, मग तिसरी. आणि झाकणीची कड सारखी हलती ठेवावयाची, म्हणजे एका भागाची सीमा दुसऱ्यात विरघळते. १९३४ साली ‘वसंतातील वृक्ष आणि अद्भुत शिखर’ अशा अर्थाचे त्यांचे जोडचित्र इंग्लंडमधील प्रदर्शनात स्वीकारले गेले. पुढे झाड, मागे शिखर आणि दोहोंच्या मध्ये धुके. पाहणारास वाटावे, हे चित्र आठशे वर्षांपूर्वी कोणी कुंचल्याने काढले असेल.

ह्या मधल्या धुक्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण सारी किल्ली तेथे आहे. शाईच्या चित्रात चित्रकार धुके रंगवीत नाही. तेवढा कागद तो कोरा सोडतो. छायाचित्राच्या कागदावरही जेथे प्रकाश पडला नाही तेथे कागद पांढराच राहतो. म्हणजे कुंचला न लावलेली जागा आणि प्रकाश न लागलेली जागा ह्या दोन्ही एकच. दोन्हींचे धुके होते. आणि लांग ह्यांच्या चित्रात दोन काचांचा सांधा नेमका ह्याच धुक्यात दडलेला असतो. जुन्या चित्रकारांनाही धुक्याचा हाच उपयोग होता. निरनिराळ्या ठिकाणांहून पाहिलेले डोंगर एका पटावर आणताना त्यांच्यामधील अंतर त्यांनी मेघांनी भरले. सुंगकालीन रेशमावर जे घडत होते तेच शांघायच्या अंधाऱ्या खोलीत घडले. लांग ह्यांनी चिनी चित्रांच्या केवळ बाह्य रूपाची नक्कल केली असती तर ते हौशी कारागीर ठरले असते. त्यांनी यंत्राच्याच गुणधर्मांत आपल्या परंपरेला जागा सापडते हे दाखविले, म्हणून त्यांचे महत्त्व.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. निरनिराळ्या काचा जोडून जे केले ते छायाचित्र कसले? ती तर फसवणूक. ह्या आक्षेपाचे मोल ठरविण्यासाठी आपल्याच प्रांताच्या इतिहासात डोकवावे लागते. काचा जोडण्याची युक्ती लांग ह्यांची नव्हे. इंग्लंडात रेलँडर ह्याने १८५७ साली तिसाहून अधिक काचा जोडून एक मोठे बोधपर चित्र केले होते. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन ह्याने पाच काचा जोडून मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र केले. आणि मुंबईही फार मागे नव्हती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार. ह्याच मंडळींत विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचा ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्या पाठीमागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडलेला आहे.

म्हणजे शांघायच्या सत्तर वर्षे आधी मुंबईत जोडचित्रे होत होती. मग दोहोंत फरक कोणता? आमच्या मते फरक दाव्याचा आहे. जॉन्सन ह्यांचा ग्रंथ वाचकास सांगतो की, अमुक जातीचे लोक असे असतात, असे दिसतात आणि अशा ठिकाणी वावरतात. तो माहितीचा ग्रंथ आहे. त्यावर विसंबून दूरदेशीच्या वाचकाने ह्या देशातील माणसांविषयी मत बनवावयाचे. तेथे सांधा लपविणे म्हणजे साक्षीदाराने शपथ घेऊन पदरचे घालणे होय. लांग ह्यांनी आपल्या पद्धतीस स्वतःच नाव दिले, आणि त्या नावाचा अर्थच मुळी निरनिराळी जरतारी वस्त्रे एकत्र करण्यासारखा आहे. त्यांनी ती कशी केली जाते ते लेखांतून उघड सांगितले. ‘हा डोंगर अमक्या तालुक्यात आहे’ असे त्यांचे चित्र कधीच म्हणत नाही. तेव्हा सत्यासत्याचा निवाडा काचा किती होत्या ह्यावर करून भागत नाही; चित्र कशाची शपथ घेते हे पाहावे लागते. संगणकावर बसल्या जागी हवा तो देखावा तयार करता येण्याच्या आजच्या काळात हा विवेक पूर्वीपेक्षा अधिकच गरजेचा झाला आहे.

कलेच्या ह्या प्रश्नाला पुढे इतिहासाने करुणेची जोड दिली. १९३७ साली शांघायवर जपानने हल्ला चढविला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि १९४२ साली तेथेच वारले, तेच हे युद्ध. जपानचा पराभव झाला, पण त्यामागून यादवी युद्ध पेटले आणि १९४९ साली लांग तैवानात आले. ग्वो शीचे ते नऊशे वर्षांचे जुने चित्रही राजवाड्यातील संग्रहाबरोबर त्याच सुमारास समुद्र ओलांडून तैवानात आले होते. त्यानंतर अडतीस वर्षे, म्हणजे १९८७ पर्यंत, तैवानातील सामान्य माणसास मुख्य भूमीवर जाण्याची मुभा नव्हती. ह्वांगशान तेथेच राहिला. लांग ह्यांच्याजवळ उरल्या त्या जुन्या काचा. त्यांतूनच ते नवे नवे डोंगर घडवीत राहिले. तेच झाड, तीच नाव त्यांच्या निरनिराळ्या चित्रांत पुन्हा पुन्हा भेटते. त्यांचे स्नेही, विख्यात चित्रकार झांग दाच्यान, हेही मुख्य भूमीपासून तुटलेलेच. लांग ह्यांच्या कित्येक चित्रांत लांब दाढी व झगा अशा वेशात वृक्षाखाली बसलेला जो जुना पंडित दिसतो तो म्हणजे झांग. म्हाताऱ्या त्सोंग बिंगचे पाय थकले म्हणून त्याने भिंतीवर डोंगर काढले. लांग ह्यांचे पाय शाबूत होते, वाट बंद होती. प्रयोजन मात्र दीड हजार वर्षांनंतरही तेच राहिले.

त्यांच्या शिष्यपरंपरेतील डॉन हाँग-ओआय (१९२९–२००४) ह्यांची हकीकतही ह्याच जातीची. कँटनमध्ये जन्म, बालपणीच व्हिएतनाममधील सायगावात स्थलांतर, आणि १९७९ साली तेथूनही नावेने निघून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को. तेथे रस्त्यावरील जत्रांतून स्वतःची जोडचित्रे विकून ते गुजराण करीत. कीर्ती आली ती उतारवयात. ज्याला तीन देशांत घर नाही त्याने डोंगर, नाव आणि पाखरे एका कागदावर वसवावी, ह्यात नवल ते काय?

ह्या वाटेवर न जाता तेच साध्य गाठणारेही निघाले. वांग वूशेंग (१९४५–२०१८) हे ह्वांगशानच्याच आन्ह्वेई प्रांतातील. १९७४ पासून त्यांनी हा एकच पर्वत टिपला. त्यांनी काचा जोडल्या नाहीत. ते वाट पाहात बसले. ह्वांगशानवर ढगांचा समुद्र चढतो, क्षणभर शिखरे बेटांसारखी वर येतात आणि पुन्हा बुडतात. तो क्षण येईपर्यंत थांबावयाचे, आणि डोंगर शाईसारखा गर्द काळा करून छापावयाचा, ही त्यांची रीत. लांग ह्यांनी अंधाऱ्या खोलीत जे धुके निर्माण केले ते वांग ह्यांनी आकाशाकडून मागून घेतले. उलट १९८० साली शांघायमध्ये जन्मलेले यांग योंगल्यांग जोडकाम संगणकाने करतात. त्यांचे चित्र दुरून पाहावे तर सुंगकालीन डोंगर. जवळ जावे तो त्या डोंगराचे खडक म्हणजे उंच इमारती, आणि त्यावरची झाडे म्हणजे विजेचे खांब व बांधकामाचे यारी-यंत्र. परंपरेचे रूप राखून त्यातून परंपरेच्या नाशाची बातमी त्यांनी सांगितली आहे. एका पद्धतीचे तीन पिढ्यांत तीन अर्थ झाले. जिवंत परंपरेची हीच खूण होय.

आता आपल्याकडे. ज्या जिल्ह्यात आमचे शेवगाव आहे त्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पश्चिम टोकास अकोले तालुक्यात कळसूबाई आहे. उंची १,६४६ मीटर. ह्वांगशानचे सर्वोच्च शिखर १,८६४ मीटर. तेव्हा उंचीने आपण फार मागे नाही. त्याच तालुक्यात हरिश्चंद्रगड, आणि त्याचा कोकणकडा. पावसाळ्यात कोकणातून उठलेले ढग ह्या कड्यावर येऊन आदळतात, तेव्हा येथेही ढगांचा समुद्रच होतो. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने येथे खालच्या धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यात आपली व बरोबरच्यांची सावली पाहिली. ज्यास आपण इंद्रवज्र म्हणतो ते हेच. दख्खनच्या हवामानावरील साइक्सचा जो लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला त्यात हे वर्णन आहे. चीनमधील अमेई पर्वताच्या यात्रेकरूंना हेच तेजोवलय शतकानुशतके दिसत आले आहे. त्यांनी त्यास बुद्धाचे तेज मानले. एकाच दृश्याची एकीकडे हवामानाच्या टिपणात नोंद झाली, दुसरीकडे त्याचे दर्शन झाले. आपल्याजवळ आज साइक्सची नोंद आहे. दर्शन घडविणारे छायाचित्र अजून व्हावयाचे आहे, असे आम्हांस वाटते.

मात्र ते छायाचित्र चिनी साच्यातून निघणार नाही. पावसाळ्यात सह्याद्रीवर जाऊन धुके, वाकडे झाड आणि काळे शिखर एवढे टिपले की चिनी चित्र झाले, असे मानणाऱ्यांनी खडकाकडे पाहावे. ह्वांगशान ग्रॅनाइटचा, त्याला उभ्या भेगा, म्हणून सुळके उभे, आणि म्हणूनच त्याचे चित्र उभ्या पटावर बसते. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कोकणकड्यासारखे अपवाद सोडले तर त्याच्या मुख्य रेषा आडव्या आहेत. पायऱ्यांसारखे कडे, सपाट माथे, लांबच लांब सोंडा. चिनी चित्रकारांनी खडकाच्या पोताप्रमाणे कुंचल्याचे फटकारे ठरवून त्यांस नावे दिली होती. एक कुऱ्हाडीच्या घावासारखा, एक तागाच्या सुटलेल्या तंतूंसारखा. त्यांनी आपला दगड आधी ओळखला, हात मागाहून वळविला. आपल्या काळ्या पाषाणासाठी असा फटकारा आपल्यालाच शोधावा लागेल.

आणि त्यासाठी डोंगराच्या कुशीतच राहिले पाहिजे असे नाही. आमचा शेवगाव तालुका जिल्ह्याच्या पूर्वेचा, ज्वारी-कपाशीचा. गोदाकाठच्या अंगास नाथसागराचे पाणी पसरलेले, आणि पाथर्डीच्या बाजूस गर्भगिरीच्या ठेंगण्या रांगा. येथे मान उंच करून पाहावे असे शिखर नाही आणि डोकावून पाहावी अशी दरी नाही. ग्वो शीच्या तीन दूरत्वांपैकी पहिली दोन आमच्या वाट्यास आलेली नाहीत. तिसरे मात्र भरपूर आले आहे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर नांगरलेल्या काळ्या रानावरून नजर सपाट नेत जावी. मध्ये वाफेची एक पांढरी पट्टी, आणि तिच्यापलीकडे गर्भगिरीची आडवी, फिकी रेघ. ह्यात जोडण्यासारखे काही नाही, लपविण्यासारखे काही नाही. परक्या चित्राची नक्कल करण्याची येथे सोयच नाही. चिनी छायाचित्रकारांपासून घ्यावयाचे ते त्यांचे धुके किंवा त्यांचे देवदार नव्हेत. यंत्र कोठूनही आले तरी पाहणे आपले असावे, हा त्यांचा हट्ट घ्यावा. तो ज्या दिवशी आपल्याकडील एखादा तरुण घेईल, त्या दिवशी ह्या ओसाड म्हणून हिणविल्या गेलेल्या मुलखाचेही डोंगर-पाणी कागदावर उमटेल.